बदललेला गंधार

पनवेलच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असताना मी सूर वाजवणारा प्रोग्राम लिहिला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यातला गंधार मी तानपुऱ्याशी जुळवला होता, हार्मोनियमपेक्षा किंचित उतरलेला. क्लासच्या मालकांनी मला न विचारता तो बदलला आणि एकदा क्लासवर आलेल्या माझ्या गाण्याच्या बाईंना ऐकवला.

"हा गंधार तू लावलास?" बाईंनी मला विचारलं.

मालक हसत म्हणाले, "पेटीशी, वाजवायच्या कीबोर्डशी जुळत नव्हता, मॅडम. गिऱ्हाईक बेसूर म्हणेल."

ज्या सुरासाठी मी महिनोन्‌महिने कान लावून बसले, तोच या माणसाला बेसूर वाटत होता.

"मग प्रोग्रामवरचं माझं नाव काढा," मी म्हणाले.

त्यांनी ते लगेच काढलं आणि प्रोग्राम तसाच विकायला ठेवला. मी नोकरी सोडली. राग मात्र अजून गेलेला नाही.