पायलटला मी मारलं

मालिकेचं नाव मी सांगणार नाही. ज्याला तिचं वेड आहे त्याला दोन ओळींत कळेल, आणि ज्याला नाही तो नाव ऐकूनही "ते यानंबिनं उडवतात ते का?" असंच विचारणार. हा प्रश्न मी आईकडून ऐकलाय, सासूकडून ऐकलाय, ऑफिसातल्या बायकांकडून ऐकलाय. हो बाई, ते यानंबिनं उडवतात तेच.

आमचं गाव शिराळा तालुक्यात. शेजारच्यांकडं केबल आली तेव्हा मी चौदाची होते आणि माझा भाऊ नऊचा. दर रविवारी सकाळी त्यांच्या सोप्यात मांडी घालून आम्ही ती मालिका हिंदीत बघायचो. त्याला नुसता धुरळा आणि आग आवडायची. कोण कुणाच्या बाजूचं, कुठला ग्रह कुणी बळकावला, हे घरी येताना मी त्याला समजावून सांगायची. पुढं इस्लामपूरला कॉलेजात गेले तेव्हा कळलं, की ही नुसती मालिका नाही. हिची कॉमिक्स आहेत, कादंबऱ्या आहेत, कॉम्प्युटरवर खेळायचा गेम आहे, आणि प्रत्येकात गोष्टीचा वेगळा तुकडा आहे. मी सगळे तुकडे गोळा केले. कॉमिक्स सांगलीच्या रद्दीवाल्याकडं मिळायची, मधली पानं फाटलेली. कादंबऱ्या इंग्रजीत होत्या, त्या डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचल्या आणि सुट्टीत उसाला पाणी पाजताना बांधावर बसून भावाला मराठीत सांगितल्या. तो ऐकायचा आणि मधेच विचारायचा, "आक्का, त्या यानात संडास कुटं असतोय गं?" असला श्रोता कुणाला मिळतो?

त्याचा सगळा जीव पायलटवर. सात नंबरचं यान उडवणारा, वरिष्ठांचं एक न ऐकणारा, पण वेळेला हजर राहणारा पायलट. माझा भाऊ सैन्यात गेला तो घरची रीत म्हणून गेला, आमच्याकडं दर दोन घरांआड एक जण जातोच. पण जाताना मला हळूच म्हणाला होता, "पायलटसारकं जमंल का गं मला?"

माझं लग्न होऊन मी सांगलीत विश्रामबागला आले. एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. नवरा भला माणूस आहे, पण पडद्यावर यान दिसलं की पाचव्या मिनिटाला घोरतो. भावाची बदली अशा ठिकाणी झाली, की फोनला रेंज यायची ती एका खडकावर उभं राहिलं तरच. व्हिडिओ उतरायचा नाही, आवाज मात्र पोचायचा. मग आमची पद्धत पडली. मालिकेचा नवा हंगाम सुरू झाला की शुक्रवारी भाग यायचा. रविवारी दुपारी सासू-सासरे आडवे झाले की मी जिन्यात बसून अख्खा भाग व्हॉइस नोटमध्ये सांगायची, आमच्या गावच्या बोलीत. दुसऱ्या ग्रहावरचा सेनापतीसुद्धा माझ्या तोंडून "आरं गड्या, हितनं पळायचं न्हाई" असंच बोलायचा. भाऊ ते ऐकून बॅरेकमधल्या पोरांना हिंदीत सांगायचा. नियम कडक होते. भाग जिथं थांबला तिथंच थांबायचं, पुढचं एक अक्षर बोलायचं नाही. त्यानंही कुणाकडून काही कळू नये म्हणून फोनवर त्यातलं काहीही उघडायचं नाही. मी सांगेन तेच पहिलं आणि तेच खरं.

विश्रामबागेत एका कॅफेत या मालिकेच्या वेड्यांचा मेळावा भरतो. एकदा मी गेले होते. काळे टीशर्ट घातलेली कॉलेजची पोरं. एक म्हणाला, "काकू, मुलाला सोडायला आलात का?" मी म्हटलं, मीच आलेय. तर लागले परीक्षा घ्यायला. अमुक यानाचा पहिला कप्तान कोण, तमुक ग्रहाला चंद्र किती. मी सगळी उत्तरं दिली, तरी यांचे प्रश्न थांबेनात. त्यांच्यातल्या एकाही पोराला कुणी काही विचारलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच ठेवून उठले. रविवारी भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्या शेंबड्यास्नी काय म्हाईत? तू त्यातली जनरल हायस आक्का." एवढ्यावर माझं वर्ष निघालं. जगात एकच माणूस मला ओळखून होता, आणि तो माझा भाऊ होता.

मागच्या वर्षी वडील गेले. दोन महिन्यांनी चुलत्यांचा फोन आला, वारसाची नोंद करायची आहे, सहीला ये. मी रजा काढून तालुक्याच्या ऑफिसात गेले. आई बाकावर बसलेली. चुलत्यांनी कागद पुढं केला आणि बोट ठेवलं, "हितं कर पोरी." अहो, मी दिवसभर कागदच वाचते! वर ठसठशीत लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. दीड एकर ऊस; आई, भाऊ आणि मी. माझा अर्धा एकर मी राजीखुशीनं भावाला सोडतेय म्हणे. भाऊ ड्यूटीवर होता, पण त्याच्या सहीचं मुखत्यारपत्र चुलत्यांच्या पिशवीत होतं. ते तयार व्हायला दिवस लागतात. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. त्या दिवसांतल्या प्रत्येक रविवारी त्यानं मला पायलटबद्दल दहा-दहा प्रश्न विचारले होते, आणि याबद्दल चकार शब्द नाही.

मी आईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. मी सही केली. का केली? आमच्याकडं सगळ्याच करतात म्हणून केली. ज्या करत नाहीत त्यांना माहेर राहत नाही. चुलत्यांनी साडीचा बॉक्स हातात दिला आणि म्हणाले, "लय शानी पोरगी हाय." अर्धा एकर नाही मिळाला तर मी काही उपाशी मरणार नव्हते. मला एवढंच हवं होतं, की भावानं एकदा म्हणावं, आक्का, तुझं काहीतरी घेतलंय आम्ही. बस्स. एक वाक्य.

त्या रविवारी जिन्यात बसले. त्याचा मेसेज आलेला होता: "पायलट वाचला का? लवकर सांग, पोरं वाट बघत्यात." सहीबद्दल एक अक्षर नाही. खऱ्या भागात पायलट जळत्या यानातून सुखरूप बाहेर पडतो. मी बटण दाबलं, नेहमीसारखं सुरू केलं, आणि त्या जागेवर आल्यावर माझ्याच तोंडून मी ऐकलं, "...आन् सात नंबरचं यान फुटलं. पायलट गेला रं."

पुसून टाकता आलं असतं. नाही पुसलं.

बुधवारी त्याचं उत्तर आलं. आवाज बसला होता. "लय वंगाळ झालं गं आक्का. पोरं जेवली न्हाईत नीट. मी माज्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं सात नंबर काढलाय." ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. वडील गेले तेव्हासुद्धा हा असा हळवा झाला नव्हता.

पण एकदा मारल्यावर पुढचे आठ भाग पायलटशिवाय सांगणं आलं. शुक्रवारी खरा भाग बघायचा, आणि रविवारपर्यंत ऑफिसात फॉर्म तपासता तपासता दुसराच रचायचा. मी पायलटला एक बहीण दिली. यान बांधायला तिनंही हात लावलेला, तिलाही उडवता येतं. पण तिच्याकडून कागदावर सही घेतात आणि नवं यान दुसऱ्यालाच देतात. ती गप्प राहते. आठ भाग मी तिला गप्प ठेवलं, आणि दर रविवारी वाटायचं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल. आता हा विचारेल.

चौथ्या भागानंतर त्यानं विचारलं. "आक्का, ही बहीण कशाला आनली मदी? लय बोअर मारतिया. पोरं म्हनत्यात, हिला घालवा आन् पायलटला कसंबी करून परत आना."

मी फोन बंद केला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी भांडी फार आपटली.

हंगाम संपला, आणि हा महिन्याच्या रजेवर आला. आधी सांगलीत उतरला, माझ्याकडं. मी ठरवलं होतं, स्टँडवरून घरी येतानाच सांगून टाकायचं. पण तो वाटभर पायलटबद्दलच बोलत होता आणि माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याला कुणीतरी सांगितलं, की कॅफेत आज मेळावा आहे. म्हणाला, "चल. माजी आक्का कोन हाय ते दावतो त्या पोरास्नी." मी डोकं दुखतंय म्हटलं, पाहुणे येणार म्हटलं. काही ऐकेना. हाताला धरून घेऊन गेला.

तीच पोरं, तेच टीशर्ट. भावाचे फौजी केस आणि ताठ पाठ बघून सगळी सरळ बसली. त्यानं मला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि उभं राहून बोलायला लागला. आमच्या आक्कानं अख्खी मालिका आम्हाला सीमेवर कशी ऐकवली, तिला काय काय पाठ आहे. पोरं खरंच मन लावून ऐकत होती. एकानं तर मला वाकून नमस्कार केला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी त्याचा शर्ट ओढत होते, "बास आता, खाली बस." तर हा म्हणतो, "पायलट गेला तवा आमची आख्खी बॅरेक रडली हुती."

पोरं हसली. त्यांना वाटलं, विनोद आहे. मग एक जण म्हणाला, "दादा, पायलट मरतोय कुठं? शेवटच्या भागात तोच तर आहे." आणि त्यानं फोन पुढं धरला. पडद्यावर पायलट धडधाकट, नव्या कोऱ्या सात नंबरच्या यानाला टेकून हसत उभा. भावानं फोन हातात घेतला, जवळ धरून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली.

तो फोन टेबलावर ठेवून बाहेर गेला. मी पळत मागोमाग. माझ्या नवऱ्याची मोटारसायकल घेऊन आलो होतो, तिच्यापाशी उभा होता. डोळ्यांत पाणी. माझ्या तीस वर्षांच्या फौजी भावाच्या डोळ्यांत पाणी!

"का केलंस असं?" तो म्हणाला. "पोरास्नी आता मी काय तोंड दावू?"

मी सांगितलं. सहीचा दिवस, पिशवीतलं मुखत्यारपत्र, आईची खाली घातलेली मान, सगळं सांगितलं. रस्त्यातली माणसं वळून बघत होती, बघू देत. त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मला काय होतंय हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"त्येचा ह्येच्याशी काय संबंध?" तो म्हणाला. "सही तर समद्याच भनी करत्यात. रीतच हाय ती. पर माजा तुज्यावर इस्वास हुता गं. तू सांगशील त्ये खरं, असं हुतं आपलं."

"आणि माझा नव्हता तुझ्यावर?"

"तुला जमीन पायजे हुती तर मागायची. मी नको म्हनलो असतो व्हय? त्येच्यापायी त्या पायलटला कशाला मारायचं?"

"मग आता मागते," मी म्हटलं. "माझा अर्धा एकर दे."

ज्याला एका भागावर दहा प्रश्न पडायचे, त्याला एकही प्रश्न पडला नाही. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "आई वाट बघत असंल. निगतो मी." किल्ली माझ्या हातात ठेवली आणि रिक्षाला हात केला. बॅग माझ्या घरी होती, ती दुसऱ्या दिवशी चुलत्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला.

याला सात महिने झाले. मी तो स्फोटाचा भाग आणि पुढचे आठही नव्यानं, खरे खरे सांगून पाठवले, पायलट जिवंत असलेले. त्यानं एकही ऐकलेला नाही, फोनवर दिसतं ते. परवा आईचा फोन आला होता. तिला यानातलं काही कळत नाही, पण म्हणाली, "आगं, त्वा त्याला काय फसवलंस? समद्या गावाला सांगत सुटलाय, आक्कानं मला फसवलं म्हून."

मी विचारलं, "आणि शेतात काय लावलंय यंदा?"

"ऊसच," आई म्हणाली. "तुज्या तुकड्यातला लय झ्याक आलाय."