लाल बटन

आर्वीच्या एसटी डेपोसमोरच्या आमच्या छोट्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मोबाइल ॲपचे स्क्रीन मांडणं हे तिचं काम. बटन, फोटो, रकाने एकेक उचलून आणते आणि पंगतीत माणसं बसवावीत तसं पुटपुटते, "तू इथं बस. तू मांगं सरक." स्क्रीनवरच्या जोडीच्या वस्तू एकत्र बांधून त्या गठ्ठ्याला नाव दिल्याशिवाय ती चहालाही उठत नाही.

त्या दिवशी साप चावलेल्यांना मदत मिळवून देणारं ॲप तिच्या हातात होतं. काम देणारे साहेब तिच्या टेबलापाशी बसून म्हणाले, "अँब्युलन्सचं लाल बटन खाली घ्या. वर माझा फोटो पाहिजे."

"फोटो खाली जाईन, साहेब. बटन नाई हलत."

"मंग काम दुसऱ्याले देतो."

"द्या."

हे काम गेलं असतं तर ऑफिसच बंद पडलं असतं. मी तिच्याकडे पाहायचंही टाळलं. साहेबांनी स्क्रीनवरचं लाल बटन बोटानं झाकून पाहिलं, बोट काढलं. मग उठत म्हणाले, "ठेवा तिथंच."

ते जिना उतरून गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमीच सेव्ह करा ना. साहेबासमोर धीर धरला, आता माह्या हातानं होऊन नाई राह्यलं."