आबांच्या ताटावर माझा हात

माझ्या वडिलांना, नानांना, धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, कोलेस्टेरॉल वाढलंय. तूप, डालडा, तळण बंद. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर खा, दूध साय काढून घ्या. केळीच्या बागेत राबून मला धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात शिकवणारे नाना शिकलेल्या माणसाचा शब्द देवाचा मानत. सणाला घरी बट्ट्या झाल्या तरी ते आपली बट्टी तळू देत नसत. नुसती वाफवलेली, वरणात कुस्करून खात.

मग त्यांच्या थोरल्या भावाच्या, आबांच्या, मुलाचं लग्न झालं. वरण-बट्टीची पंगत. तुपाचं भांडं आबांनी वाढप्याकडून स्वतःच्या हातात घेतलं. नानांनी ताटावर हात आडवा धरला. आबांनी त्या हातावरच धार सोडली.

"माह्या दारात कोरडं खातो? घरच्या म्हशीचं तूप कधी कोणाले बाधलं? पोरगं बी.एस्सी. झालं अन् बाप आजारी पडाले लागला!"

पंगत हसली. नानांनी ओला हात तसाच बट्टीत घातला आणि जेवले.

एका पंगतीनं माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण त्या हसण्यानंतर नानांनी पथ्य सोडलं. "चारचौघांत हसू कशाले?" म्हणायचे. दोन हिवाळ्यांनी हृदयाच्या झटक्यानं गेले. तेराव्याच्या पंगतीत तूप आबांनीच वाढलं.

पुढे आबांची छाती दुखू लागली. मी त्यांना मुद्दाम त्याच डॉक्टरांकडे नेलं. तेच निदान, तेच पथ्य. घरी आल्यावर मी काकूंना शब्दन् शब्द समजावला आणि तुपाची बरणी कुलपात ठेवायला लावली.

त्यानंतर भाऊबंदांत कुठंही बट्टीची पंगत असली, की मी धुळ्याहून एसटीनं जायचो आणि आबांच्या शेजारी बसायचो. तूप आलं की त्यांच्या ताटावर हात आडवा धरायचो.

"आबांना बंद आहे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो.

"एक धार पडू दे रे, भाऊ," आबा हळूच म्हणायचे.

"नाही आबा. तुम्हाला खूप जगायचंय."

आबा खरंच खूप जगले. डॉक्टर खूश होते. गाव म्हणायचं, पुतण्या असावा तर असा. आबा खाली मान घालून कोरडी बट्टी चावत राहायचे. माझा हात तिथं कशासाठी आहे, हे त्या पंगतीत फक्त त्यांना ठाऊक होतं.