पालीच्या मावशींचा एसजीपीटी

आधीच सांगतो – मी लॅब टेक्निशियन आहे. ज्या गोष्टीला युनिट नाही, तिच्यावर माझा विश्वास नव्हता. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं की मी मुद्दाम पंखा फुल करायचो.

गेल्या वर्षी मीरा रोडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात पाली गावच्या फिलोमिनामावशी अ‍ॅडमिट झाल्या. जन्मभर मासळी विकलेली बाई. आता हार्ट फेल्युअर... पायांना सूज, बोलतानाही धाप. हृदय नीट पंप करत नसलं की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं आणि एसजीपीटी नावाचं एन्झाइम रक्तात वाढतं. म्हणून रोज सकाळी मी त्यांचं रक्त घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेली ट्यूब माझ्याकडून मागून घेतली, तळहातावर जोखली आणि म्हणाल्या, "एकशे ऐंशी."

दुपारी रिपोर्ट – १८०. म्हटलं, योगायोग.

तिसऱ्या दिवशी "एकशे बासष्ट." मशीनसुद्धा १६२! सिस्टर मला म्हणाली, "मशीन बेच डालो, मौसी को बिठाओ."

चौथ्या दिवशी मावशींचा चेहरा उतरला. "तीनशेच्या वर गेलाय."

रिपोर्ट आला ३८. एकदम नॉर्मल! डॉक्टर खूश, "मावशी, उद्या घरी." मी तर मनातून नाचलोच – जिंकलं सायन्स.

मावशींनी माझी बाही धरली. "यो आकडा माजा न्हाय. त्या खिडकीजवळच्या आजोबांचा हाय."

"मावशी, मशीन चुकत नाही."

"मशीन न्हाय रं. तू चुकलास."

तणतणत लॅबमध्ये गेलो, ट्यूबा काढल्या आणि त्यांच्यावर पेनाने लिहिलेले बेड नंबर लेबलांशी ताडून बघितले. लेबलांची अदलाबदल झाली होती. चिकटवली होती मीच. ताजं रक्त घेऊन परत टेस्ट लावली – ३१२. मावशींना तडक आयसीयूत हलवलं, औषधं बदलली. घरी पाठवलं असतं तर... नकोच तो विचार. तिकडे खिडकीजवळच्या हर्नियावाल्या आजोबांचं ऑपरेशन माझ्या चुकीच्या रिपोर्टने रद्द झालेलं. त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या, त्या मात्र पूर्णपणे मानवी होत्या.

दहा दिवसांनी मावशी स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. मी विचारलं, "कळतं कसं हो?"

"जड लागतं."

मी हळूच माझा हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जेवलास का?"

बस. लिफ्ट आली, गेल्या.

तेव्हापासून मी स्वतःचं रक्त तीन वेळा तपासलंय. सगळं नॉर्मल. लेबलंसुद्धा दुसऱ्याकडून चिकटवून घेतली. तरी माझं मनगट धरल्यावर त्या नेमकं काय बोलायचं टाळून गेल्या, ते काही मला अजून कळलेलं नाही.