पाच नंबरच्या पिनची तार

टेस्टिंग रूममध्ये इंजिन फुटलं तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यात फ्यूज बदलत होतो. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला आणि छताचा पत्रा भेदून गेला. धावत दारापाशी पोचलो, तर आत धूर, काचा आणि जमिनीवर उकळतं तेल. मामा भिंतीला टेकून उभे होते. उजवा हात कोपरापासून खाली भाजून सोलला होता.

मामा म्हणजे टेस्टिंगचे ऑपरेटर, शेवगावकडचे. बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या आमच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात लागलेले. इंजिन काचेपलीकडं धावायचं, अलीकडं परदेशातून आणलेलं मोजणी यंत्र त्याचे आकडे टेलिप्रिंटरवर छापायचं. पहिला रकाना तेलाच्या दाबाचा. दाब उतरला की इंजिन बंद करायचं, हे मामांचं काम.

फोरमन आला. त्यानं मामांच्या हाताकडं पाहिलंच नाही. कागद ओढून फाडला.

"तेलाचा दाब कुठाय? झोपला होतास?"

"सायब, सकाळपास्नं पयला आकडा उमटंना. तुमाला सांगितलं हुतं. तुमी म्हनला, चालू दे."

फोरमननं खुंटीवरचा फॅनबेल्ट उचलला आणि मामांच्या तोंडावर मारला. दुसरा फटका कानावर बसला. मामा भाजलेला हात आड करायला गेले, तर तिसरा त्याच हातावर. ती किंकाळी मला आजही आठवते. चौथ्या फटक्याला, आवाजानं जमलेल्यांतल्या एका टर्नरनं पाना भिरकावला. फोरमनच्या कपाळाला खोक पडली आणि मग आठ-दहा जण त्याच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्क्या. वॉचमननं ओढून काढला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

मी दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मला बोलावलं. वायरिंग खात्यात मीटर धरता येणारा मीच. "आकडे का गळतात, बघ."

इंजिन नव्हतंच. नुसतं यंत्र चालू करून मी छपाई पाहत बसलो. ओळ संपली की टेलिप्रिंटरचा गाडा उजवीकडून खडखडत डावीकडं यायचा, आणि तो पोचायच्या आत यंत्र पुढच्या ओळीचे पहिले आकडे, म्हणजे तेलाचा दाबच, पाठवून मोकळं व्हायचं. तेवढे आकडे हवेतच जायचे. खरं तर त्यासाठी केबलमध्ये एक वेगळी तार असते. टेलिप्रिंटर तयार असेल तोवर तिच्यावर व्होल्टेज. गाडा परतत असला की ते उतरतं, म्हणजे थांब. मीटर लावला. टेलिप्रिंटरच्या टोकाला काटा दर ओळीला नीट पडत होता. यंत्राच्या टोकाला, पाच नंबरच्या पिनवर, तो हलतच नव्हता. त्या पिनला 'थांब' कधी कळतच नव्हतं.

सोल्डरिंगचा बिट तापत ठेवला आणि यंत्राकडच्या प्लगाचे स्क्रू काढले. आत पाच नंबरची मूळ तार मुळाशी तुटून लोंबत होती. आणि कायम व्होल्टेज असणाऱ्या चार नंबरच्या पिनवरून पाचवर एक बोटाच्या पेराएवढी लाल तार जोडलेली.

सोल्डर माझ्या हातचं होतं.

चार महिन्यांपूर्वी पाहुणे यायचे होते आणि यंत्र आकडे पाठवेना. फोरमन मानगूट धरून उभा होता. "दहा मिनिटांत चालू कर, नायतर हात मोडीन." यंत्राला कायमचं 'पाठव' मिळावं म्हणून मी या दोन पिना जोडल्या. नंतर काढू म्हटलं. तेव्हा मिनिटाला एकच ओळ छापायची, काही बिघडलं नाही. या इंजिनासाठी ओळीमागून ओळ छापायला लावली आणि आकडे गळायला लागले.

"काय सापडलं?" फोरमन मागं उभा होता, डोक्याला पट्टी.

मी सांगितलं.

"तार काढ. नवी टाक. आणि तोंड बंद." मी उठायला लागलो तसा त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि तळहात तापलेल्या सोल्डरिंगच्या बिटावर दाबला. कातडी चर्रर् झाली. मी डाव्या हातानं मीटर उचलून त्याच्या पट्टीवर हाणला. एकदा, आणि तो खाली बसल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. रक्त पट्टीतून झिरपून नाकावर आलं. तसाच प्लग घेऊन मी मॅनेजरपुढं गेलो आणि सगळं सांगितलं. तार मी टाकली, हेही.

मला महिनाभर घरी बसवलं. फोरमनला पुण्याच्या गोदामात धाडलं. गावी गेलेल्या मामांना परत बोलावणं गेलं, ते आले नाहीत.

म्हणून एसटीनं मीच शेवगावला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. हाताची बोटं वाकून आखडली होती, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी उजव्या बाजूला बसून तारेची गोष्ट सांगितली.

"तारंचं ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "चुकी हुती मान्साकडून. त्यो मला मारत हुता तवा तू दारात हुतास न्हवं?"

"व्हय, मामा."

"मी बगितलं तुला."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी तो घेतला. मामांनी बशी डाव्या हातानं धरली, दोनदा सांडली, आणि मी उचलून धरायला गेलो तर मान हलवून नको म्हणाले.