सारखं म्हणजे किती सारखं?

जगात कुठल्याही दोन गोष्टी सारख्या असू शकतात, यावर माझ्या धाकट्या दिरांचा विश्वास नाही. पोटापाण्यासाठी ते वेबसाईट बनवतात आणि आमच्या दहिसरच्या घरात राहून उरलेल्या वेळात आमच्या चुका काढतात. नातेवाइकांकडे बारशाला गेलो, सगळ्या बायका "अगदी आईवर गेलीय गं!" म्हणत पाळण्यात वाकल्या, तेव्हा भाऊजींनी आईकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "नाक वेगळं, कान वेगळे. जुळत नाही." एकदा त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, "आमची मुलगी फोटोत आहे तशीच आहे हो." यांनी खिशातून फोटो काढला, मुलीच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि म्हणाले, "साधारण." त्या घरी पोहे पोटात जायच्या आधीच आम्ही जिना उतरलो. भाऊजी अजून अविवाहित आहेत, हे वेगळं सांगायला नको. माझ्या आमटीलाही सूट नाही. "वहिनी, परवाची आमटी वेगळी होती." मी म्हटलं, "भाऊजी, ही परवाचीच आहे. फ्रिजमधून काढलीय." त्यावर क्षणभर विचार करून, "मग तापमान वेगळं."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे, असं ते मला दर रविवारी समजावतात. मी भाजी निवडत ऐकते आणि योग्य जागी मान हलवते, एवढंच माझं संगणकाचं शिक्षण. ते ज्या भाषेत वेबसाईट लिहितात, तिच्यात दोन मजकूर सारखे आहेत का हे विचारायच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे. दोन बरोबरची चिन्हं टाकली तर ती भाषा आपली भोळी होते. 007 आणि 7 दिसलं की "आकडेच ना, एकच की" म्हणून सोडून देते. तीन चिन्हं टाकली की मात्र अक्षराला अक्षर लावून बघते. "दोनवाले लोक आळशी, वहिनी. त्यांच्यामुळे जगाची वाट लागलीय." हे म्हणताना त्यांची नजर माझ्या नवऱ्यावर असते. माझा नवरा तेव्हा पेपर वाचत असतो आणि मुद्दाम पान उलटतो.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या गावच्या मंडळाने गणपतीच्या बसचं बुकिंग दिलं. मंडळाची बस थेट गावात, आमच्या घरापाशी थांबते, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा डोळा. मागे कुणी कुणी सीटा घेऊन दुसऱ्याला चढ्या भावाने दिल्या होत्या. म्हणून भाऊजींनी नियम केला, ज्याचं नाव त्याचीच सीट, आणि नाव मंडळाकडे आहे त्याच्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. तीन चिन्हं!

बुकिंग उघडलं आणि दोन दिवसांनी वाकोल्याहून माझे चुलत सासरे, थोरले काका, हातात मोबाईल घेऊन आमच्या दारात उभे. गुडघे गेलेले, दम लागलेला. घरच्या गणपतीची पाळी यंदा त्यांची. पुढची पाळी येईपर्यंत आपण असू याची त्यांना खात्री नव्हती, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. रेल्वे केव्हाच भरली होती. बस चुकली तर मूर्ती दुसऱ्या कुणीतरी बसवायची.

"माका आख्खो गाव वळखता, आणि तुझी ही वेबसाईट वळखणा नाय?"

भाऊजींनी मोबाईल घेतला, बघितलं आणि लगेच निदान केलं. काकांनी नाव पूर्ण टाईप केलंच नव्हतं. कीबोर्डने सुचवलं त्यावर बोट ठेवलं होतं. कीबोर्ड असं नाव टाकतो तेव्हा शेवटी एक मोकळी जागा सोडतो. दिसत काहीच नाही, पण नाव जुळत नाही.

"मग ती जागा काढून टाका की," मी म्हटलं.

"मोकळी जागा हेही अक्षरच आहे, वहिनी."

"अहो, म्हातारं माणूस आहे!"

"कोडला वय कळत नाही."

तोवर बस भरली होती. काकांना मधेच घुसवायला भाऊजींनी साफ नकार दिला. तीच तर लबाडी बंद करायला त्यांनी हे केलं होतं. काका चहा पिऊन, भिंतीला धरून उभे राहिले आणि निघाले. भाऊजी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. त्या दिवशी आमटीवर शेरा आला नाही.

बस सुटायच्या सकाळी आम्ही चेकनाक्यावर पोचलो, तर भाऊजींच्या शेजारी काका उभे! कोरं धोतर, डोक्यावर टोपी. दारात मंडळाचे सेक्रेटरी मोबाईलवर नावं तपासत होते. यादीत भाऊजींचं नाव आलं, तसं त्यांनी काकांना पुढे केलं.

"हे कोण?" सेक्रेटरींनी विचारलं. वास्तविक काकांच्या अंगाखांद्यावर ते लहानाचे मोठे झालेले.

"मी," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच दम दिलात ना मला? जुळलं नाही तर बसवायचं नाही म्हणून?"

"जुळतंय की. नीट बघा."

"केस पांढरे कधी झाले?"

"घरात गणपती आहे, काळजीने होतात."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे चढव रे, पनवेलला ट्राफिक लागेल!" सेक्रेटरींनी एकदा काकांकडे, एकदा भाऊजींकडे बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. भाऊजींनी काकांना कमरेला धरून एकेक पायरी चढवलं, खिडकीशी बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि उतरले. बस हलली तेव्हा ते चेकनाक्याच्या कडेला रिक्षावाल्यांच्या मधे उभे होते. हात केला नाही. त्यांना ते जमत नाही.

काकांनी मूर्ती आपल्या हातांनी बसवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आरतीला मी भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. मागे आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, ओटा कोरडा ठणठणीत.

"जेवलंस काय रे?" काकांनी विचारलं.

"जेवलो."

काकांनी मान हलवली. मग माझ्या हातातून मोबाईल घेतला, भिंतीला टेकवून पंगतीत ठेवला आणि त्याच्यापुढे केळीचं पान मांडून गरम मोदकावर तूप सोडलं. पंगत उठली तरी फोन चालूच होता, आणि पलीकडून भाऊजी त्या पानाकडे बघत बसले होते.