नावं शेवटी लिहायची

आमच्या घरात पुढच्या खोलीला दिवाणखाना कुणी म्हटलंच नाही. ते ऑफिस. आमचे हे वकील, पण खून-मारामारीतले नव्हेत, जमिनीचे. बेळगावच्या दिवाणी कोर्टात त्यांची सगळी हयात गेली. पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांचं नाव पेपरात यायचं, आमच्याकडं मात्र चपलांना चिकटून काळी माती यायची. मी कुरकुरायची, "तुमची अशिलं पाय झाडून का येत नाहीत हो?" तर हे म्हणायचे, "राहू दे गं. माती बघितली की कुठल्या शिवारातला माणूस ते कळतं."

आता वय झालं तरी काम सुटलेलं नाही. आमच्या भागात जुने दस्त मराठीत, उतारा कानडीत, वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत. ज्याची जमीन त्याला यातलं एखादंच वाचता येतं. ह्यांना सगळंच येतं, म्हणून माणसं लांबून येतात. माझी शाळा सातवीपर्यंतची. पण चहाचा ट्रे घेऊन दारात थांबून थांबून वहिवाट म्हणजे काय, हक्कसोड म्हणजे काय, हे मलाही पाठ झालं.

ह्यांची एक पद्धत आहे. वाटणीपत्र करायचं तर आधी स्वतः रानात जाऊन चालून यायचं, आणि मसुद्यात नावं शेवटी घालायची. इकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. ती रीत हे मोडत नाहीत. फक्त वाटे पाडल्या पाडल्या उचलू देत नाहीत. मला वाटायचं, उगीच वेळकाढूपणा. मग सदलग्याची अशिलं आली, थोरले दीर आणि त्यांची धाकटी भावजय.

दिवाळी नुकतीच झाली होती. भावजय आधी पोचली आणि ऑफिसात न बसता सरळ स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, एकच लेक, ती नर्सिंग शिकतेय. ऊस ही स्वतः बघते.

"आक्का, मागचं रान आमच्या मालकांनी सपाट केलंय. ते मला सोडवत न्हाय," ती म्हणाली. "पन ऊस बाहेर काढायचा तर पुढच्या रानातनंच. आज सगळं एकात हाय म्हणून ट्रॉली जातीय. उद्या अण्णांच्या पोरांनी आडवं लाकूड टाकलं तर? उभा ऊस वाळंल माझा."

"मग सांग की तुझ्या दिराला."

"कसं सांगू? आजवर त्यांनी मला कशाला न्हाय म्हटलेलं न्हाय."

एवढ्यात दीर आले. माणूस मोकळा, आवाज मोठा. बसायच्या आधीच म्हणाले, "वकीलसाहेब, लिवा. रस्त्याकडंचा एक, मागचा एक. दोनच वाटं, भानगड न्हाय."

हे दोनच दिवसांपूर्वी रान बघून आलेले. म्हणाले, "मागच्याला वाट कुठनं?"

"वाट लिवायची कशाला? घरचीच माणसं. मी काय ट्रॅक्टर अडवणार व्हय? कागदावर वाट आली की गाव म्हणंल, दिरावर इस्वास न्हाय."

भावजय फरशीकडं बघत बसली. मला वाटलं, आता हे कायदा सांगतील. पण ह्यांनी वादच घातला नाही. तसाच मसुदा लिहून वाचून दाखवला. वाटा एक रस्त्याकडचा, वाटा दोन मागचा, नावाच्या जागा कोऱ्या. मग तिला म्हणाले, "बाई, कुठला घेणार ते आज सांगू नका. आठवडाभर विचार करा. रस्त्याकडचंही रान चांगलं आहे."

दीर हसले. "विचार कसला? ती मागचंच घेणार. साऱ्या गावाला ठावं हाय."

"असंल," हे म्हणाले. "पण बाईंनी पुढचा उचलला तर मागचा तुमच्याकडं येईल, नाही म्हणता येणार नाही. वाटे तुम्हीच पाडलेत."

दिरांनी बशीत चहा ओतला आणि तसाच धरून बसले. एकदा भावजयीकडं बघितलं. ती काही वर बघेना.

"मग वाट लिवा," ते म्हणाले.

"कशाला? घरचीच माणसं."

"ती हाय तवर घरचंच हो! पन उद्या हिला जावई कसा भेटतोय कुनाला ठावं? लिवा तुम्ही. आणि नुसती बैलगाडीपुरती नको, भरलेली ट्रॉली वळाय पायजे."

"किती फूट?"

"बारा. न्हाय, पंधरा लिवा. पावसात कडा खचत्यात."

मी दारात पदर तोंडाला लावून उभी. भावजयीची मान अजून खालीच, पण खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मला आजही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन आली आणि मागचा वाटा उचलला. दिरांनी मसुदा पुन्हा वाचायला लावला. वाटेच्या ओळीवर आल्यावर थांबवलं.

"म्हणजे पंधरा फूट माझ्याच रानातनं गेली की!"

"तुम्हीच सांगितलीत," हे म्हणाले.

दिरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लई बेरकी हाय तुम्ही," म्हणाले, आणि पेन मागितलं.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "फसवलंत त्याला." तर म्हणाले, "फसवलं कुठं? मी तर बारा लिहून थांबलो होतो."

यंदा ऊसतोड लागल्यावर भावजयीनं आग्रहानं बोलावलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. मागच्या रानातनं भरलेली जोड-ट्रॉली डुलत बाहेर निघालेली. पुढं दीर उलट्या पावलांनी चालत होते, दोन्ही हात हलवत ड्रायव्हरवर ओरडत होते, "भितोस कशाला रं? घे डावीकडं! जागा लई हाय!"